दूध नाही तर मत नाही

मेंजा कावेन्य माझी शेजारीण. बाई चांगली आहे, आणि तेच तिचं दुखणं आहे. तिच्या चांगुलपणापायी माझी जेवढी चिडचिड झाली तेवढी माझ्या नवऱ्याच्या पिण्यापायीही झाली नाही, आणि नवरा काही कमी पीत नव्हता.

मी त्रेसा. लग्न करून या खोऱ्यात आले तेव्हा पलीकडच्या खोऱ्यातली म्हणून गाव माझ्याशी तोंडदेखलं बोलायचं. मेंजा पहिल्याच रविवारी अक्रोडाचा केक घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्याकडे गाई संध्याकाळी आपल्या आपण घरी येतात, की हाका मारत जावं लागतं?" मला वाटलं, बाई जरा सटकलेली दिसते. नंतर कळलं, नवीन माणूस दिसलं की तिचा हाच पहिला प्रश्न असतो. गाई कशा परततात त्यावरून तिथली माणसं कशी आहेत ते कळतं, असं तिचं म्हणणं. मी खरं ते सांगितलं, "जावं लागतं." तेव्हापासून आमच्या पलीकडच्या खोऱ्याबद्दल तिचं मत काही बरं नाही.

या प्रश्नापायीच तिला शिबिराचा लळा लागला. जंगल संपून कुरणं सुरू होतात तिथं आमच्या कुरण-सोसायटीचं एक जुनं दगडी घर आहे. दर जुलैत देशोदेशीची तीसेक तरुण पोरं तिथं येऊन राहायची. एकमेकांशी ओळख करून घ्या, डोंगर चढा, आळीपाळीने भांडी घासा आणि सगळं जग एक आहे असं समजून आपापल्या घरी जा, असा एकूण बेत. एका वर्षी त्यांचा आचारी पाय मोडून पडला. मेंजा दोन दिवसांसाठी म्हणून गेली आणि वीस उन्हाळे तिथंच चिकटली. येईल त्या पोराला ती आधी जेवायला घालायची आणि मग गाईंचं विचारायची. शहरातल्या पोरांना काय ठाऊक असणार? बोस्नियाच्या एका मुलीनं थेट आपल्या आजीला फोन लावून दिला. मेंजाला त्यांची भाषा येत नव्हती, आजीला आमची येत नव्हती, तरी दोघी बराच वेळ गाईंवर बोलल्या आणि शेवटी दोघी रडल्या. कशाबद्दल, ते मेंजालाही सांगता आलं नाही.

खोऱ्याबाहेर म्हणाल तर ती फार तर कूर शहरापर्यंत, मुलाकडे, गेलेली. पण जगात कुठं गाई कशा परततात ते तिला तोंडपाठ होतं. पोरं तिला 'टाट्टा' म्हणायची, आमच्या भाषेत आजी.

दुपारी मीही तिच्या हाताखाली जायची. भांडी घासायला पोरांच्या पाळ्या लावलेल्या असत, आणि पाळीवाल्यांनी घासलेली भांडी पुन्हा घासायला मी असे.

आता गाईचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. मेंजाचा नवरा बाटिस्टा सोसायटीचा चेअरमन होता. कडक माणूस. तो गेल्यावर गाई एकेक करून विकल्या, एकच ठेवली, श्टाइला. मुलगा दर नाताळला कूरहून येऊन तेच दळण दळायचा, "आई, एका गाईसाठी या वयात गवत कापत बसतेस! वीक आणि मोकळी हो." पण गाय विकली की मेंजा सोसायटीतून बाद. वरच्या कुरणावर ज्याची दुभती गाय, त्यालाच ऑक्टोबरच्या सभेत हात वर करता येतो, असा आमच्याकडे नियम आहे. मग तुमची जमीन असो, घर असो, नवरा चेअरमन होऊन गेलेला असो. दूध नाही तर मत नाही.

आणि दुभती कोण, ते ठरतं जुलैच्या शेवटी, मापाच्या संध्याकाळी. उन्हाळाभर वरचे गुराखी सगळ्यांच्या गाईंचं दूध यंत्रानं काढतात. त्या एका संध्याकाळी मात्र मालक स्वतः वर जातो, आपल्या गाईची आपल्या हातानं धार काढतो आणि बादली काट्यावर ठेवतो. बादलीत जे भरेल त्या हिशोबानं पुढे चीज वाटतात. पाच किलोच्या खाली भरलं तर गाय भाकड धरायची. मग चीज नाही आणि मतही नाही.

माझं मत विचारू नका. आमच्या गाई माझ्या नवऱ्यानं कधीच पिऊन टाकल्या. सभेला मी जाते ती कॉफी ओतायला.

श्टाइला म्हातारी होती, पण मेंजाच्या हाताखाली सात-आठ किलो सहज द्यायची. तिला फक्त शांतता लागायची. गोठ्यात अनोळखी माणूस शिरला, कुणी जोरात शिंकलं, की ती पान्हा चोरायची तो पार दुसऱ्या दिवसापर्यंत. मेंजा धार काढताना तिच्या पोटाला कपाळ टेकवून हळू आवाजात गावातल्या चहाड्या सांगायची. कुणाची सून रुसली, पाद्रीबाबा प्रवचनात कुठं अडखळले. गाय ऐकायची आणि पान्हा सोडायची. आमच्या गावातली सगळ्यात जास्त बातम्या ठाऊक असलेली बाई म्हणजे ती गाय.

त्या वर्षी दगडी घराचा करार संपत होता. घर पुढेही शिबिराला द्यायचं की सुटीच्या खोल्या भाड्यानं देणाऱ्या एका कंपनीला, ते ऑक्टोबरच्या सभेत ठरणार होतं. गावात दोन तट पडले. चेअरमन प्लाची शिबिराच्या बाजूनं, बाटिस्टाचा पुतण्या मार्चेल कंपनीच्या बाजूनं. गाव लहान, कोण कुणीकडे ते कुत्र्यामांजरांनाही माहीत. कितीही वेळा बोटांवर मोजून पाहिलं तरी शिबिर मेंजाच्या एका हातावर तरत होतं. तो हात नसेल तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की ठराव पडला, ही आमची रीत.

मी तिला म्हटलं होतं, "अगं, उन्हाळाभर त्या पोरांच्या नावानं कटकट करतेस. टॉवेल ओले टाकतात, लोणी संपवतात, रात्री गिटार वाजवतात. जाऊ दे की त्यांना!"

"कटकट करायलासुद्धा कुणीतरी लागतं ना, त्रेसा," ती म्हणाली. "ती यायची थांबली तर मी कुणावर करू? तुझ्यावर?"

"माझ्यावर करतेसच."

"तू एकटी पुरत नाहीस."

त्या उन्हाळ्यात शिबिराला नवा प्रमुख आला, झुरिकचा आद्रियान. गळ्यात शिट्टी, पायात महागातले बूट, आणि तोंडावर कायम असं हसू की त्याला एक ठेवून द्यावीशी वाटावी. मुलगा वाईट नव्हता. वाईट असता तर मी सुखानं झोपले असते. 'प्रत्येकाचा आवाज' हा त्यानं शिबिराचा विषय ठरवला. रोज संध्याकाळी पोरं गोल करून बसायची आणि एक लाकडी डाव हातोहात फिरायचा. डाव ज्याच्या हातात त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. डाव मेंजाचा, मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटायचा.

एकदा पोलेंटा चुलीवर बुडाला लागत होता आणि डाव फिनलंडच्या एका पोराच्या हातात. ते आपल्या एकटेपणावर बोलत होतं. मी डाव मागायला गेले तर आद्रियान ओठांवर बोट ठेवून म्हणतो, "त्रेसा, त्याचा आवाज पूर्ण होऊ दे."

"होऊ दे की! पण मग जेवायला काय, कोळसा?"

कुणी हललं नाही. मेंजानं साध्या चमच्यानं पोलेंटा घोटला, बोटाला फोड आणला, आणि जेवताना त्या फिनलंडच्या पोराला दुप्पट चीज वाढलं. म्हणे तो एकटा आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिथं विचारतो कोण?

मापाच्या आठवड्यात मेंजा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आम्ही डोंगरातली माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतो. मेंजा ज्याला अहोजाहो करते त्यानं काय ते समजून घ्यावं. आद्रियानला वाटायचं, आदरानं बोलते.

"साहेब, शनिवारी संध्याकाळी मी नसणार. माप आहे. जेवण करून ठेवीन."

"अर्थात, मेंजा! पण कसलं माप?"

"गाईच्या दुधाचं. आणि तेव्हा वर कुणी यायचं नाही. पोरं नकोत, तुम्ही नको. गाय बिचकते. तिनं दूध दिलं नाही तर माझं मत गेलं."

"मत गेलं म्हणजे?"

"माझं मत चार पायांवर उभं असतं, साहेब."

तो जो हसत सुटला! "चार पायांवर! वा, मेंजा, काय बोललीस!" आणि लगेच खडू घेऊन ते वाक्य त्यानं फळ्यावर लिहिलं, खाली गाय काढली. तिला सड पाच काढले होते.

जेवणं झाल्यावर मी त्याला पुन्हा गाठलं. सगळं उलगडून सांगितलं. माप, पाच किलो, सभा, हात. तो मान डोलवत होता. "समजलं, त्रेसा, समजलं. फार जुनी परंपरा आहे." परंपरा म्हटलं की या लोकांना सगळं समजतं, आणि मग पुढचं ऐकायची गरज राहत नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

नंतर कळलं ते असं. प्लाची त्याच्याशी बोलता बोलता सहज म्हणून गेला होता की मापाच्या संध्याकाळी सोसायटीचे सगळे मालक वर गोळा होतात. आद्रियाननं विचार केला, करार त्यांच्या हातात आहे, तेव्हा त्यांची मनं जिंकायला याहून चांगली संधी कुठली? शिवाय मेंजाचा विसावा उन्हाळा. 'वर येऊ नका' हे ती संकोचानं म्हणतेय, आपला गाजावाजा होऊ नये म्हणून, असं त्याला वाटलं. म्हणून आम्हा दोघींना त्यानं कळू दिलं नाही. पोरांना गुपित म्हणून सांगितलं, आणि तीस पोरांनी ते आठवडाभर राखलं. एरवी एक टॉवेल जागेवर ठेवता येत नाही!

शनिवारी मेंजानं दुपारीच कापुन्स करून ठेवले, पिठाचे गोळे पानात गुंडाळून, मोठाल्या दोन परातीभर. मग गरम पाण्यानं हात धुतले, बाटिस्टाचा जुना एप्रन बांधला, कारण गाईला त्याचा वास ओळखीचा, आणि आम्ही दोघी वर निघालो. मला तिनं दारात उभं राहायला नेलं होतं. कुणी आलंच तर अडवायला.

गोठ्यात माप सुरू होतं तेव्हा बोलत नाही कुणी. मालक भिंतीला टेकून आपली पाळी येईतो थांबतात, बादलीत धार पडते तो आवाज, बस. प्लाची काट्यापाशी उभा होता. मार्चेलची बादली छान भरली. मग मेंजाची पाळी आली. ती स्टुलावर बसली, श्टाइलाच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि कुजबुजायला लागली. बहुधा मार्चेलच्या बायकोच्या नव्या पडद्यांचं असावं, कारण आवाज जास्तच खाली होता. गाय रवंथ करत स्वस्थ उभी. पहिल्या धारा बादलीच्या बुडावर वाजल्या, मग आवाज दाट झाला. मी निश्वास सोडला.

आणि तेवढ्यात खालच्या वळणावर घंटा ऐकू आल्या. मला वाटलं कुणाच्या कालवडी सुटल्या. कालवडी कसल्या! गावातल्या दुकानातून प्रवाशांना विकायच्या गाईच्या घंटा आणून तीस पोरांनी गळ्यात बांधल्या होत्या. पुढे एक अॅकॉर्डियन, मागे कापडी फलक, 'आमची टाट्टा, वीस उन्हाळे', आणि सगळ्यांत पुढे शिट्टी.

मी दोन्ही हात पसरून दारात उभी राहिले. "थांबा! मागं फिरा!" त्यांनी मला मिठ्या मारल्या. एकेक जण मिठी मारून माझ्या हाताखालून आत. आत जाऊन पोरं गायला लागली, आणि खोटं कशाला सांगू, गाणं आमच्या भाषेतलं होतं. आमच्या सणातलं जुनं गाणं, जे आमची स्वतःची नातवंडं म्हणत नाहीत. उच्चार पार वाकडे, पण सगळी कडवी पाठ केलेली. एकीकडे माझे डोळे भरून आले आणि एकीकडे वाटत होतं की एकेकाला उचलून शेणाच्या खड्ड्यात टाकावं.

पोर्तुगालची मातिल्द नावाची मुलगी, गोड पोर, हातात रानफुलांचा हार घेऊन पुढे झाली. मेंजा नको नको म्हणतेय तोवर तिनं हार गाईच्या गळ्यात घातला. श्टाइलानं पाय झाडला. बादली उलटली. होतं नव्हतं ते दूध गवतात.

मेंजा उठली. वीस उन्हाळ्यांत जिचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता ती बाई छत हादरेल अशी ओरडली, "बाहेर! सगळे बाहेर!"

आमच्या भाषेत ओरडली, पोरांशी बोलायच्या मोडक्यातोडक्या शहरी भाषेत नाही. पोरांना वाटलं, हाही परंपरेचाच भाग. त्यांनी टाळ्यांच्या तालावर एका सुरात तिला उत्तर दिलं, "बाहेर! सगळे बाहेर!" आद्रियान एका हातानं फोनवर फोटो काढत होता. भिंतीपाशी कुणीतरी मालक फस्सकन हसला.

शेवटी खराटा घेऊन मीच सगळ्यांना हाकललं. आद्रियान जाता जाता माझ्या कानाशी म्हणतो, "तिला भावना आवरल्या नाहीत, नाही का?"

"नाही आवरल्या," मी म्हटलं. "माझ्याही आवरत नाहीयेत. निघ आधी."

मग मेंजा पुन्हा स्टुलावर बसली. पुन्हा कपाळ टेकवलं, पुन्हा कुजबुजली. कुणी घाई केली नाही, तेवढी माणुसकी सगळ्यांनी दाखवली. पण गाय दगडासारखी उभी. खालून घंटा आणि गाणं उतारावर ऐकूच येत होतं. मेंजानं बादली काट्यावर ठेवली तेव्हा दोन किलोही भरलं नाही.

प्लाचीनं घसा खाकरला. "सांडलं ते सगळ्यांनी पाहिलंय. कुणाची हरकत नसेल तर उद्या सकाळी पुन्हा..."

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"माझी आहे," मार्चेल म्हणाला. "माझ्या बापाची गाय विजेच्या कडकडाटानं बिथरली होती तेव्हा काकानं दुसरं माप दिलं होतं का? विचारा काकूला."

मला वाटलं, मेंजा काहीतरी सबब सांगेल, निदान गप्प बसेल. ती म्हणाली, "नव्हतं दिलं. मी तिथंच उभी होते. बादलीत आहे ते आहे, असं म्हणाला होता तो."

"मग झालं तर," मार्चेल म्हणाला. त्यालाही ते गोड लागलं नसावं, कारण तो तिच्याकडे न बघता बाहेर गेला. प्लाचीनं आकडा लिहून घेतला.

उतरताना मी तोंडाला येईल ते बोलत होते. "आत्ता जाते आणि त्या शिट्टीवाल्याला सांगते, बाबा, तू आज काय करून ठेवलंस ते बघ!"

"सांगायचं नाही."

"का नाही? स्वतःच्या हातानं त्यानं स्वतःचं घर घालवलंय. कळू दे की!"

"त्याला कळलं की पोरांना कळणार. त्याच्या पोटात काही राहत नाही. इतक्या दुरून आलीत, गाणं पाठ केलं. मग घरी काय घेऊन जातील? टाट्टाची गाय आपण घालवली, हे?" ती थांबली आणि माझं मनगट धरलं. "शपथ घे, त्रेसा."

मी घेतली. अशा बाईशी शेजार केला की हे भोगावंच लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी ब्रेड कापत होती. मातिल्द खाली मान घालून आली. गावातल्या दुकानातून दुधाचा एक खोका विकत आणला होता तिनं. "टाट्टा, काल माझ्यामुळे सांडलं ना, त्याच्याबद्दल." मेंजानं तो खोका दोन्ही हातांनी घेतला आणि पोरीच्या केसांवरून हात फिरवला. मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि लाकडं नसताना लाकडं फोडायची कुऱ्हाड शोधत बसले.

न सांगण्याची शपथ आद्रियानपुरती होती, म्हणून ऑगस्टमध्ये मी मार्चेलच्या घरी गेले. नव्या पडद्यांचं कौतुकसुद्धा केलं. म्हटलं, "बाबा रे, तुझ्या काकूनं तुला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलंय. एक तुझं मत फिरव. निदान त्या दिवशी आजारी पड."

"त्रेसाकाकू," तो म्हणाला, "कंपनी आली तर माझी सून इथंच कामाला लागते, पोरगा गाव सोडत नाही. तुमच्या शिबिरानं गावातल्या एका पोराला कधी काम दिलंय? आणि गाय नसलेल्यांनी यात पडू नये." पहिलं बोलला ते खरंच होतं. दुसरं मात्र अजून बोचतं.

सप्टेंबरात गाई खाली आल्या. भाकड ठरलेल्या गाईसाठी गवत साठवण्यात अर्थ उरला नव्हता. मुलगा कूरहून आला, व्यापाऱ्याला घेऊन. श्टाइला गाडीत चढेना, तर मेंजा स्वतः आधी गाडीत चढली, गाय मागून गेली, मग मेंजा बाजूच्या लहान दारातून खाली उतरली. मुलगा म्हणाला, "बघ आई, आता मोकळी झालीस." ती म्हणाली, "झाले."

ऑक्टोबरच्या सभेला आद्रियान झुरिकहून मुद्दाम आला, कोट घालून. पडद्यावर फोटो दाखवले. डोंगर, पोरं, गोल, डाव. शेवटचा फोटो गोठ्यातला होता. मेंजा उभी, तोंड उघडं, हात वर, भोवती टाळ्या वाजवणारी पोरं, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'प्रत्येकाचा आवाज'. मालकांपैकी एकही जण हसला नाही. मेंजा मागच्या भिंतीपाशी बाकावर होती, माझ्याजवळ, कॉफीच्या किटल्यांपाशी. गाय नसलेल्यांची जागा ती. सदतीस वर्षं ती पुढच्या रांगेत बसली होती, आधी नवऱ्याशेजारी आणि मग एकटी. आद्रियाननं बोलणं संपवून तिच्याकडे बघून डोळा मिचकावला.

प्लाचीनं हात वर करायला सांगितले. मोजले, पुन्हा मोजले. मग विरुद्ध बाजूचे मोजले. बरोबरी.

"ठराव पडला," तो म्हणाला. पुढचा विषय पाण्याच्या पाइपचा होता.

आद्रियान रांगांमधून वाट काढत मागे आला. चेहरा पांढरा पडलेला. "मेंजा," तो म्हणाला, "मी सारखा तुझ्याकडे बघत होतो. तू हात वर केला नाहीस."

मी तोंड उघडलं. बाकाखाली मेंजानं माझ्या पायावर पाय दिला, सगळ्या वजनानिशी.

"वीस वर्षं, मेंजा! फक्त एक हात वर करायचा होता."

"खांदा दुखतो हल्ली," ती म्हणाली.

डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरंखुरं पाणी. मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल, पुढची रांग कुणाची, मागचा बाक कुणाचा, एवढं तरी दिसेल. तो वाकला आणि त्यानं तिला घट्ट मिठी मारली.

"माझ्या मनात राग नाही," तो म्हणाला. "मी तुला माफ केलं. पोरांना यातलं मी काही सांगणार नाही."

"तेवढं मात्र करा, साहेब," मेंजा म्हणाली.